पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातील अंतर : इंजिनकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

खानदेशात इंजिनकाम शिकणाऱ्याची रोजची भाकर ट्रॅक्टर, मालट्रक आणि शेतावरच्या पंपांच्या डिझेल इंजिनांवर चालते. शर्यतीसाठी किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील गाडीसाठी ताकद वाढवायचे पेट्रोल इंजिन अधूनमधूनच टेबलावर येते. जळगावात हे काम करताना मी पाहत आलो आहे की, आयटीआयमधून मशिनिस्ट किंवा मेकॅनिक डिझेलचा कोर्स करून आलेली मुले बोरिंग, होनिंग, हेड फेसिंग लवकर उचलतात. मात्र बदललेल्या कॅमशाफ्टसह (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजेच कॅम) पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना कुठे भेटतील, हा प्रश्न त्यांच्या मनात सहसा उशिरा येतो. आमच्याकडच्या पोरांची लाडकी आरएक्स १०० टू-स्ट्रोक असल्यामुळे तिच्या हेडमध्ये पिस्टनकडे उघडणारे व्हॉल्व्हच नाहीत आणि हा प्रश्नही नाही. कदाचित म्हणूनच तिच्यावर हात बसलेला माणूस फोर-स्ट्रोक इंजिनातही तितकाच बिनधास्त वागतो.

पहिला गैरसमज असा की, व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तेव्हा धोका सर्वांत मोठा असतो. तसे नसते. मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली गेलेला असतो. खरी जवळीक ओव्हरलॅपच्या काळात होते, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो, इनटेक उघडू लागलेला असतो आणि पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे आपल्या सर्वांत वरच्या टोकाच्या, आसपास असतो तेव्हा. बहुतेक इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीच्या साधारण १० ते २० अंश (क्रँकच्या फिरण्याचे) आधी पिस्टनच्या सर्वांत जवळ असतो आणि इनटेक तितकेच अंश नंतर. म्हणून कॅमच्या कॅटलॉगमधला कमाल लिफ्टचा (व्हॉल्व्ह किती उघडतो त्याचा) आकडा पाहून हे अंतर सांगता येत नाही. टीडीसीच्या जवळ लिफ्ट किती आहे, हे पाहावे लागते.

दुसरी गोष्ट अशी की, इंजिनात केलेला जवळजवळ प्रत्येक बदल याच एका अंतरातून आपला वाटा काढून घेतो. समजा मूळ इंजिनात इनटेकच्या बाजूला २.४ मिमी अंतर होते. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड ०.५ मिमी घासले आणि दाबल्यावर १.२ मिमी राहणाऱ्या गॅस्केटच्या जागी ०.८ मिमीचे बसवले, तर हेड एकूण ०.९ मिमी खाली आले. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या अक्षाशी २० अंश कलता असेल, तर व्हॉल्व्हच्या दिशेने ही घट सुमारे ०.८५ मिमी होते. त्यानंतर नवीन कॅममुळे त्या नाजूक ठिकाणी व्हॉल्व्ह ०.६ मिमी जास्त उघडू लागला, की हातात ०.९५ मिमी उरते. हेड घासणाऱ्याने, गॅस्केट निवडणाऱ्याने आणि कॅम विकणाऱ्याने आपापल्या जागी काहीच चूक केलेली नसते, तरीही इंजिन चालू करण्यालायक राहत नाही.

स्टीलच्या कनेक्टिंग रॉडसाठी सर्रास पाळली जाणारी किमान मर्यादा इनटेकला २ मिमी, म्हणजे ८० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), आणि एक्झॉस्टला २.५ मिमी, म्हणजे १०० थाऊ अशी आहे. ॲल्युमिनियमचे रॉड जास्त ताणले जातात, त्यामुळे त्यांना याहून अधिक जागा लागते. एक्झॉस्टला जास्त जागा देण्याची कारणे दोन. तो व्हॉल्व्ह फार तापतो आणि लांबीने वाढतो. शिवाय तो बंद होत असताना पिस्टन त्याच्या मागे धावत वर येत असतो, त्यामुळे जास्त आरपीएमला स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह जरा रेंगाळला, तरी पिस्टन त्याला गाठतो. व्हॉल्व्हची कड आणि त्याच्यासाठी पिस्टनमध्ये कापलेल्या खाचेची कड यांच्यातही सर्व बाजूंनी सुमारे १.२५ मिमी मोकळीक लागते. मोठे व्हॉल्व्ह बसवले असतील तर खोलीचे माप उत्तम येऊनही याच कडेला घासण्याची शक्यता असते. कॅम किंवा पिस्टनच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच धरावा.

तपासणीची सोपी रीत क्लेची, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीची. पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्ह येतो त्या जागी क्लेचा थर लावायचा, व्हॉल्व्हला तेलाचा हात फिरवायचा, प्रत्यक्ष वापरायच्या जाडीचे, आधी दाबले गेलेले गॅस्केट घालून हेड टॉर्क पान्याने पूर्ण आवळायचे, टॅपेटची फट शून्यावर आणायची आणि क्रँक हाताने, इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच, पूर्ण दोन फेरे फिरवायचा. मध्येच अडकल्यासारखे वाटले तर जोर लावू नये. तिथेच थांबून हेड उतरवावे. मग क्ले ब्लेडने उभी कापून सर्वांत पातळ जागी मोजायची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा हीच क्ले लोण्यासारखी मऊ होऊन व्हॉल्व्हला चिकटून वर येते आणि माप बिघडते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर करावे आणि क्ले वापरेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावी. तिच्याऐवजी कणीक वापरणारेही मी पाहिले आहेत. पण कणीक दाबल्यावर पुन्हा थोडी फुगते आणि अंतर आहे त्याहून जास्त दाखवते, म्हणजे नेमकी घातक बाजूची चूक करते. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला, तेलाच्या दाबावर चालणारा भाग) असलेल्या इंजिनात तर क्लेच्या मापावर मुळीच विसंबू नये, कारण लिफ्टर दबतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि अंतर खोटेच जास्त दिसते. तपासणीपुरता तिथे न दबणारा, भरीव (सॉलिड) लिफ्टर बसवावा लागतो.

माझी पसंती डायल गेजला आहे. क्ले एकच आकडा देते, तर डायल गेज कोणत्या अंशाला किती जागा आहे हे सांगतो, आणि पुढे कॅमचे टायमिंग (क्रँकच्या तुलनेत कॅम किती पुढे-मागे आहे ते) हलवायचे झाल्यास तीच माहिती कामी येते. त्यासाठी आधी खरी टीडीसी सापडली पाहिजे. पिस्टन वरच्या टोकाला काही अंश जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे नजरेने ठरवलेली टीडीसी सहज चुकते. स्पार्क प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवून, क्रँक दोन्ही दिशांनी त्याला टेकेपर्यंत हलक्या हाताने फिरवून, डिग्री व्हीलवरील (क्रँकला लावलेली, अंशांच्या खुणांची चकती) दोन वाचनांचा मध्य घ्यावा. नंतर स्टॉप आठवणीने काढावा आणि व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंगा काढून हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तशा हलक्या स्प्रिंगा घालाव्यात. गेजचे टोक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंग धरून ठेवणारी टोपी), व्हॉल्व्हच्याच कलाने टेकवावे. तिरके टेकवलेले टोक तिरके वाचन देते. टीडीसीच्या २० अंश आधीपासून २० अंश नंतरपर्यंत, दर दोन अंशांना थांबून, व्हॉल्व्ह बोटाने पिस्टनला टेकेपर्यंत दाबायचा आणि सुई किती सरकली ते लिहायचे. एक्झॉस्टची ओळ वेगळी, इनटेकची वेगळी. माझे उस्ताद अहिराणीत एवढेच म्हणत, "भो, काटा काय सांगस ते देख," आणि वही पुढे सरकवत.

मोटारसायकलच्या ओव्हरहेड कॅम इंजिनात टायमिंग चेनकडे लक्ष द्यावे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ढिला असेल तर वाचन फसते. हेड घासल्यावर कॅम आणि क्रँक यांच्यातील अंतर कमी होते, त्यामुळे कॅम किंचित मागे पडतो. मागे पडलेला कॅम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ नेतो, पुढे नेलेला कॅम इनटेक व्हॉल्व्ह. म्हणून टायमिंग बदलून एका बाजूला जागा मिळवली, तर ती दुसऱ्या बाजूने गेलेली असते. हा हिशेब करायला वरची वही लागते.

जागा कमी पडली तर माझा क्रम असा असतो : आधी जाड गॅस्केटचा विचार, मग टायमिंगमधला थोडा बदल, मग कमी ओव्हरलॅपचा कॅम आणि शेवटी पिस्टनमधील खाचा खोल करणे. पिस्टन कापताना डोक्याची जाडी किती उरेल हे आधी मोजावे. खाचेच्या धारदार कडा घासून मऊ कराव्यात, कारण त्या तापून नको तेव्हा मिश्रण पेटवू शकतात. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर कापल्यानंतर सर्व पिस्टनांची वजने पुन्हा जुळवावीत. यापैकी काहीही केले, तरी संपूर्ण मोजणी नव्याने करावी. गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसून घाई करत असले तरीही.

हात बसवण्यासाठी शर्यतीच्या इंजिनाची वाट पाहण्याची गरज नाही. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनात टीडीसीला पिस्टन आणि हेड यांच्यात मिलिमीटरच्या आसपासच जागा असते. अनेक डिझेल इंजिनांत ब्लॉकच्या वर पिस्टन किती येतो हे मोजून, गॅस्केटवरच्या खाचांच्या खुणांवरून योग्य जाडीचे गॅस्केट निवडावे लागते. ते माप डायल गेजने स्वतः घ्यायला मागा. दुकानात ते काम सहसा कोणी अडवत नाही, कारण इतरांना ते कंटाळवाणे वाटते.