भ्रूणातलं रक्त येतं कुठून? उत्तर लिहिताना या चुका टाळा

बीएस्सी झूऑलॉजी असो की मेडिकलचं पहिलं वर्ष, या प्रश्नाच्या उत्तरात एक आकृती हमखास असते: वर हिमॅन्जिओब्लास्ट (रक्त आणि वाहिन्या दोन्हींची मानलेली समाईक पूर्वज पेशी), त्यातून रक्त आणि रक्तवाहिन्या, खाली लिव्हर, शेवटी बोनमॅरो. दिसायला सुबक, पण इथेच गुण जातात. कारण रक्त एकदाच, एकाच ठिकाणी जन्मत नाही.

माणसाच्या भ्रूणात तिसऱ्या आठवड्यात योक सॅकच्या (भ्रूणाला जोडलेल्या पिशवीच्या) भिंतीत रक्तद्वीपं, म्हणजे पेशींचे छोटे पुंजके, दिसतात. आतल्या पेशी रक्ताच्या, कडेच्या वाहिनीच्या अस्तराच्या. दोन्ही इतक्या खेटून असतात, म्हणूनच समाईक पूर्वजाची कल्पना पुढे आली. (ही द्वीपं मेसोडर्मची, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या थराची; शेजारच्या एन्डोडर्मला, आतल्या थराला, श्रेय देऊ नका.) आयुष्यभर पुरणाऱ्या मूलपेशी मात्र चौथ्या आठवड्याच्या शेवटी महाधमनीच्या पोटाकडच्या भिंतीत तयार होतात. तिथे क्रमच वेगळा: आधी अस्तर बनतं, मग त्यातल्याच काही पेशी गोल होऊन सुटतात आणि रक्तपेशी होतात. 2010 मध्ये झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणात हे प्रत्यक्ष घडताना पाहिलं गेलं. लिव्हर आणि बोनमॅरो हे या मूलपेशींचे पुढचे मुक्काम, जन्मस्थान नव्हे.

पुरावा मागितला तर उंदरांचे दोन प्रयोग पुरतात. फ्लक-1 जनुक बंद केलं, तर रक्तद्वीपंही बनत नाहीत आणि वाहिन्याही नाहीत. रन्क्स-1 बंद केलं, तर योक सॅकमधलं पहिलं रक्त बनतं, पण लिव्हरमध्ये रक्तनिर्मिती होतच नाही. योक सॅकची आणि महाधमनीची, रक्तनिर्मितीच्या या दोन लाटा वेगळ्या आहेत, हे याहून स्वच्छ कोण सांगणार?

‘योक सॅकचं रक्त संपलं की फीटल हिमोग्लोबिन (गर्भातलं हिमोग्लोबिन) संपतं’ हेही चूक. फीटल हिमोग्लोबिन लिव्हरच्या काळात जोरात असतं आणि जन्मानंतरही काही महिने टिकतं. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा असते आणि सिकलसेलचा दोष बीटामध्ये. आपल्या विदर्भात हे लिहिता यायलाच हवं: सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत का दिसतं, याचं उत्तर इथे आहे.

आता प्रॅक्टिकल, म्हणजे कोंबडीच्या अंड्यातला भ्रूण पाहणं. किराणा दुकानातली अंडी बहुधा फलित नसतात. ती कितीही उबवा, काही दिसणार नाही. फलित अंडी हॅचरीतूनच आणा. नागपूरच्या मे महिन्यात ती टेबलावर ठेवली, तर इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच वाढ वेडीवाकडी सुरू होते आणि ‘33 तासांचा’ भ्रूण भलत्याच अवस्थेत सापडतो. साधारण 15 ते 18 अंशांत ठेवा, मग 37.5 ला लावा. नोंदवहीत नुसते तास लिहू नका, सोमाइटच्या (पाठीच्या मध्यरेषेलगतच्या मेसोडर्मच्या ठोकळ्यांच्या) जोड्या मोजा. 10 जोड्यांच्या सुमारास कडेला रक्तद्वीपं दिसतात. ‘रक्ताभिसरण सुरू’ असं मात्र तेव्हा लिहू नका, ते आणखी काही तासांनी.