विशेष भत्ता वाढला की पोरांचा पगार कसा बसवायचा

ठाण्यात नौपाड्याला आमचं फरसाणाचं दुकान आहे. काउंटरवर आणि पॅकिंगला बहुतेक अठरा ते बावीसची पोरं, बरीचशी सकाळी कॉलेज करून दुपारनंतर येणारी. दर जानेवारी आणि जुलैला किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे ठरणारा भाग, बदलतो, तेव्हा मी काय करते ते सांगते.

आधी कामगार खात्याचं नवं पत्रक काढून आपला उद्योग, परिमंडळ (आपलं गाव दराच्या कुठल्या गटात येतं ते) आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल हे तपासा. मूळ वेतन अधिक विशेष भत्ता, याच्या खाली कोणी जाता कामा नये. चहा-नाश्ता त्यात धरू नका. अर्धवेळ मुलांसाठी महिन्याचा आकडा २६ ने भागा, मग ८ ने. तो तासाचा दर. ‘ट्रेनी आहे’ म्हणून कमी देणारे आमच्याच रस्त्यावर आहेत. पण रीतसर नोंदलेला शिकाऊ करार नसेल तर तो मुलगा कामगारच.

आता खरा खर्च. समजा भत्ता ५०० रुपयांनी वाढला. ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे सव्वासोळा रुपये. दिवाळीला आम्ही एक पगार देतो, त्याचे महिन्याला साधारण ४२. म्हणजे माणशी ५५८. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफचे आणखी ६५ धरा. तळाच्या दराने दोनच पोरं असली की मालक म्हणतो, अकराशेत भागलं.

भागत नाही. दोन वर्षं राबलेल्या मुलीला नव्या पोरापेक्षा सातशे रुपये जास्त होते, ते एका रात्रीत दोनशेवर येतात. पगाराचे आकडे पोरं एकमेकांना दाखवतातच. वजनकाटा, बिलिंग, ठरलेलं गिऱ्हाईक सांभाळणारी तीच. ती गेली तर राममारुती रोडवर दिवाळी पहाटेची गर्दी उसळते तेव्हा काउंटर कोण धरणार? म्हणून वरच्या चौघांनाही तेवढीच वाढ द्यायची. सहा जणांचे मिळून महिन्याला ३,३५० च्या आसपास होतात. पगार बसवताना हाच आकडा धरायचा.

तो काढायचा कुठून? सरसकट तास कापू नका. पोरांना तासांवरच फी भरायची असते. मी दुपारी दोन ते चार एकच माणूस ठेवते आणि पॅकिंग सकाळच्या पाळीत उरकते. अर्धा किलोच्या पाकिटाला दोन-तीन रुपये वाढवते, तेही सणाच्या तोंडावर नाही. जादा वेळ थांबवलं तर दुप्पट दर लागतो, त्यामुळे संध्याकाळी एक जास्तीचं पोरगं परवडतं.

मात्र ते अठरा पूर्ण असावं. चौदा ते अठराच्या मुलांना संध्याकाळी सातनंतर कामाला ठेवता येत नाही आणि आमचा धंदा तर सातलाच रंगतो. वयाचा दाखला पहिल्याच दिवशी घ्या.

परीक्षा आल्या की पोरं व्हॉट्सअॅपवर ‘उद्यापासून येत नाही’ टाकतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सोडणाऱ्याचे पैसे दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे, तेही नव्या दरानं. त्यासाठी हजेरी रोजच्या रोज लिहा, आणि दर बदलला त्या तारखेला वहीत लाल रेघ मारा.