जेलीफिश, शिंपले आणि अणुभट्टीचं पाणी: या चुका टाळा

१० ऑगस्ट २०२५ च्या रात्री फ्रान्समधल्या ग्रावलिन अणुवीज केंद्रात, थंड करण्यासाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपघरात जेलीफिशचे थवेच्या थवे शिरले. फिरत्या गाळण्या तुंबल्या. तीन अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या, काही तासांनी चौथीही. उरलेल्या दोन देखभालीसाठी आधीच बंद होत्या, त्यामुळे सहा भट्ट्यांचं अख्खं केंद्र थांबलं. सुरक्षेला धोका पोहोचला नाही, पण शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘भट्टी बंद झाली, आता पाणी नसलं तरी चालेल’ असं मानणं. साखळी अभिक्रिया थांबली तरी इंधनातली उष्णता लगेच जात नाही. बंद होताक्षणी ती मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के असते आणि हळूहळू उतरते. म्हणून टर्बाइनच्या कंडेन्सरचं (वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्राचं) पाणी वेगळं आणि सुरक्षा उपकरणांचं पाणी वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं हवं. पहिलं तुटलं तर वीजनिर्मिती थांबते. दुसरं तुटलं तर खरी काळजी. फ्रान्समध्येच क्रुआस अणुवीज केंद्रात डिसेंबर २००९ मध्ये ऱ्होन नदीतल्या पाणवनस्पतींनी चौथ्या भट्टीचं हे दुसरं पाणी कित्येक तास अडवलं होतं.

जेलीफिश निदान डोळ्यांना दिसतात. शिंपले दिसत नाहीत, आणि माझ्या मते जास्त भीती त्यांचीच बाळगावी. ज्यांनी घरी शिनाणे (खायचे शिंपले) साफ केलेत त्यांना कडेचा तो दोऱ्यांचा चिवट झुबका माहीत असेल. त्याच दोऱ्यांनी ते पाइपाला घट्ट धरतात. त्यांची पिल्लं वाळूच्या कणाएवढी, कुठल्याही जाळीतून सहज पार होतात, आत बसतात, वाढतात. मेल्यावर शिंपला सुटतो आणि उष्णता-विनिमयकाच्या (उष्णता पाण्यात सोडणाऱ्या यंत्राच्या) बोटभर नळीच्या तोंडाशी आडवा अडकतो. अमेरिकेत आर्कान्सा न्यूक्लिअर वन केंद्रात सप्टेंबर १९८० मध्ये असंच घडलं. तिथे आपण खातो त्या ‘तिसऱ्या’ शिंपल्यांच्या जातकुळीतल्या आशियाई शिंपल्यांमुळे भट्टीच्या इमारतीतल्या शीतकांना (थंड करणाऱ्या यंत्रांना) पुरेसं पाणी मिळत नव्हतं, म्हणून भट्टी बंद ठेवावी लागली.

यावर क्लोरीन असतंच, पण अधूनमधून सोडलेलं क्लोरीन शिंपल्यांवर फुकट जातं. वास लागला की ते शिंपा मिटून घेतात, तुमचा डोस संपेपर्यंत दम धरतात. डोस कमी पण अखंड हवा, तोही बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती उरतो हे मोजत. डोळे मिटून वाढवलात तर किनाऱ्यावरची मासळी मरेल.

बिघाड ओळखताना फक्त तापमान बघत बसू नका, ते उशिरा बोलतं. गाळणीच्या अलीकडची आणि पलीकडची पाण्याची पातळी बघा. फरक काही मिनिटांत वाढला तर थवा आला आहे: गाळण्या सतत फिरवा, त्या धुणारे फवारे पूर्ण दाबाने चालू करा आणि वीजनिर्मितीचा भार वेळीच उतरवा. ‘अजून थोडं थांबू’ म्हणालात तर पंप हवा ओढायला लागेल. काढलेला कचरा पाणी घेण्याच्या तोंडाजवळ परत टाकू नका, तासाभरात तोच पुन्हा जाळीवर येईल.

गाळणी स्वच्छ असूनही प्रवाह आठवड्या-आठवड्याने घटत असेल, तर दोष आत आहे. तेव्हा पाइप उघडून हात घालून बघायचं. पंप बदलून काही होणार नाही.

आपलं तारापूरही अरबी समुद्राचंच पाणी घेतं. अशा किनाऱ्यावर थवा सगळ्यात आधी दिसतो तो मच्छीमारांना, त्यांच्या जाळ्यात. जवळच्या बंदरावरच्या दोन-तीन तांडेलांचे (मासेमारी होड्यांच्या प्रमुखांचे) फोन नंबर पंपघराच्या भिंतीवर लावलेले असावेत.