दूरच्या गावाची ओढ आणि वाटेची धास्ती : प्रवासाची तयारी कशी करावी

नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्या अनेक घरांत असे एखादे माणूस असते, ज्याला अमृतसरचे सुवर्णमंदिर पाहायचे असते आणि आपल्या नरसीचे नामदेव महाराज ज्या घुमानमध्ये दीर्घकाळ राहिले, ते पंजाबातले गावही एकदा डोळ्यांनी पाहायचे असते. वेळापत्रक त्याला तोंडपाठ असते. मात्र तिकीट काढायची वेळ आली, की ते "पुढच्या वर्षी बघू" म्हणते, आणि यांना मुळात जायचेच नाही, असा घरच्यांचा समज होतो. तो समज चुकीचा असतो. त्यांना ठिकाणाचे भय नसते. भय असते ते घर आणि ठिकाण यांच्यामधल्या तासांचे. अशा व्यक्तींसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

पहिली पायरी : भीती नेमकी कोणत्या क्षणाची आहे, ते लिहून काढावे

"मला प्रवासाची भीती वाटते" या वाक्यावर कोणताही उपाय करता येत नाही, कारण सबंध प्रवासाची भीती सहसा कोणालाच नसते. ती त्यातल्या दोन-तीन ठरावीक क्षणांची असते. म्हणून एक वही घ्यावी आणि घराला कुलूप लावण्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा प्रवास क्रमाने लिहावा. जिथे लिहिताना छातीत धडधडते किंवा पोटात गोळा येतो, तिथे खूण करावी आणि त्यापुढे "इथे काय होईल असे मला वाटते?" याचे उत्तर स्पष्ट शब्दांत लिहावे. कोणाला मनमाडला गाडी बदलताना दुसरा फलाट सापडणार नाही असे वाटत असते, कोणाला बसमध्ये लघवीची घाई होईल आणि चालक गाडी थांबवणार नाही असे वाटते, कोणाला चारचौघांत उलटी होण्याची लाज वाटते, तर कोणाला धावत्या गाडीत जीव घाबरला तर दवाखाना कुठून आणायचा, हा प्रश्न छळतो.

यादी झाल्यावर तिचे तीन भाग करावेत. काही धास्ती माहिती मिळाली की निवते, काही व्यवस्था केली की निवते, आणि काही मात्र दोन्ही करूनही उरते. या तिसऱ्या भागासाठी सराव लागतो. बहुतेक लोक पहिल्या दोन भागांतल्या गोष्टीही मनाच्या कमकुवतपणात जमा करतात आणि स्वतःला उगाच बोल लावतात.

तिकीट रद्द केले की त्या क्षणी हायसे वाटते. टाळल्यामुळे सुटका झाली, असा धडा मन त्यातून घेते आणि पुढच्या वेळी भीती अधिक जोराने येते. वर्षानुवर्षे टाळलेला प्रवास अवघड होत जातो, त्याचे कारण वय हेच असते असे नाही. टाळण्याची सवय हेही मोठे कारण असते.

दुसरी पायरी : रास्त काळजी बाजूला काढावी

प्रत्येक भीती निराधार नसते. समृद्धी महामार्गावरील किंवा बीडकडच्या रस्त्यांवरील अपघातांच्या बातम्या वाचून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जायला एखादा कचरत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नये. समृद्धी हा ७०१ किलोमीटरचा सरळ, एकसुरी रस्ता आहे. अशा रस्त्यावर चालकाला झापड येण्याचा धोका खराच असतो. रास्त काळजीला उत्तर द्यायचे ते कृतीने. शक्य तिथे रेल्वे निवडावी, रस्त्यानेच जायचे असेल तर दिवसा निघावे, मागच्या आसनावरही सीटबेल्ट लावावा आणि भाड्याच्या मोटारीच्या चालकाची आदल्या रात्री झोप झाली आहे की नाही, हे संकोच न करता विचारावे. एवढे केल्यावर जी धास्ती उरते, ती वेगळ्या प्रकारची आहे असे समजावे. प्रवासाच्या आधीच्या आठवड्यात मोबाइलवर अपघातांच्या चित्रफिती पाहणे मात्र पूर्ण बंद करावे, कारण त्यातून सावधगिरी वाढत नाही, केवळ झोप उडते.

तिसरी पायरी : व्यवस्थेने मिटणाऱ्या गोष्टी मिटवाव्यात

रेल्वेचे आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुले होते. त्या सुमारासच तिकीट काढावे, कारण प्रतीक्षायादीतले तिकीट हे धास्ती असणाऱ्या माणसासाठी दोन महिन्यांचे जागरण ठरते. ६० वर्षे व त्यापुढील पुरुषांना आणि ४५ वर्षे व त्यापुढील महिलांना उपलब्धतेनुसार खालचा बर्थ देण्याची सोय आहे, म्हणून अर्जात वय बिनचूक भरावे. मनमाडला किंवा अन्य ठिकाणी गाडी बदलायची असेल, तर दोन गाड्यांमध्ये किमान तीन-चार तास ठेवावेत. फलाटावर बसून राहावे लागेल, हे खरे. पण पहिली गाडी उशिरा धावत असताना घड्याळाकडे पाहत बसण्यापेक्षा ते कितीतरी सुसह्य असते. चौकशीसाठी आणि प्रवासातील अडचणीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक सोबत्याच्या व स्वतःच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा.

शौचालयाची चिंता हा विषय घरात कोणी उघडपणे बोलत नाही, विशेषतः स्त्रिया बोलत नाहीत, आणि अनेक सहली केवळ त्यामुळे मोडतात. यावर पाणी न पिण्याचा जो उपाय सर्रास केला जातो, तो घातक आहे. मराठवाड्याच्या उन्हात पाणी कमी पडले की डोके दुखते, चक्कर येते, छाती धडधडते आणि नेमकी हीच लक्षणे माणसाला घाबरवतात. ही चिंता असलेल्यांनी बसऐवजी रेल्वे घ्यावी. एसटीनेच जायचे असेल, तर मोठ्या बसस्थानकांवर थांबत जाणारी दिवसाची गाडी निवडावी आणि बसताना वाहकाला "साधारण दोन तासांनी थांबावे लागेल" एवढे सांगून ठेवावे. आधी सांगितलेली गोष्ट वाहक बहुधा ऐकतात. पाणी थोडे थोडे प्यावे, चहा मात्र आवरावा, कारण चहाने लघवीही वाढते आणि धडधडही.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडची जुनी शिदोरी उत्तम आहे. दुधात भिजवलेली दशमी, कमी तेलाचा धपाटा आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हे पदार्थ टिकतात आणि पोटाला ओळखीचे असतात. रिकाम्या पोटी निघू नये आणि टम्म पोटानेही निघू नये.

ज्यांना गाडी लागते, त्यांनी त्या त्रासाला मनाचा दुबळेपणा समजू नये. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा "शरीर हलते आहे" असे सांगते आणि समोरच्या आसनावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे "सारे स्थिर आहे" असे सांगतात; या विसंगतीतून मळमळ येते. म्हणून कन्नडच्या घाटातून चाळीसगावकडे उतरताना बसच्या पुढच्या भागात बसावे, मोबाइल पिशवीत ठेवावा आणि खिडकीतून दूरच्या डोंगररेषेकडे पाहावे. आलेपाकाने काहींना आराम पडतो. गाडी लागण्यावरच्या गोळ्या निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्याव्या लागतात. मळमळ सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग फारसा होत नाही. त्यांनी झोप येते, त्यामुळे वाहन चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

चौथी पायरी : लांबचे अंतर मुक्कामांत वाटून घ्यावे

पैठणहून पंढरपूरला जाणारी नाथांची पालखी सबंध अंतर एका दमात कापत नाही. ती मुक्कामामागून मुक्काम करत जाते. वारकऱ्याला सकाळी उठून पंढरपूरची चिंता करावी लागत नाही; त्याला त्या दिवसाचा मुक्काम गाठायचा असतो. ज्याला लांबच्या प्रवासाची धास्ती आहे, त्याने आपला प्रवास असाच आखावा.

नांदेड ते अमृतसर हे अंतर रेल्वेने दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे. सचखंड एक्सप्रेस ते एका रात्रीसह जवळपास दोन दिवसांत कापते आणि तिच्या वाटेवर भाविकांसाठी लंगरही असतो. तरीही ज्याच्या छातीत "दोन दिवस डब्यात" या कल्पनेनेच धस्स होते, त्याने भोपाळला उतरून दोन दिवस राहावे आणि सांची पाहावे. अजिंठा-वेरूळ जवळ असलेल्या माणसाला सांचीचा स्तूप पाहणे ही मोठीच संधी आहे. तिथून दिल्ली, दिल्लीत पुन्हा मुक्काम, मग अमृतसर आणि पुढे बटाल्यामार्गे घुमान. प्रत्येक टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे लागते आणि खर्च थोडा वाढतो. तो खर्च चैनीचा नाही, हे घरातल्या हिशेब ठेवणाऱ्याने आधीच मान्य करावे. परतीचे तिकीटही निघण्यापूर्वीच काढून ठेवावे, म्हणजे सुवर्णमंदिरात बसलेले असताना मनात परतीची उजळणी चालू राहत नाही.

पाचवी पायरी : सराव

उरलेल्या धास्तीवर हाच खरा उपाय आहे आणि या टप्प्यावर घाई करू नये. परभणीच्या माणसाने प्रथम मानवत रोडपर्यंत जाऊन यावे, मग सेलूपर्यंत, मग जालन्यापर्यंत, त्यानंतर छत्रपती संभाजीनगरला जाऊन वेरूळ पाहून एक मुक्काम करावा आणि त्याची सवय झाल्यावर देवगिरी एक्सप्रेसने रात्रीचा मुंबईचा प्रवास करावा. नियम दोनच आहेत. ठरवलेले स्टेशन येण्याआधी, केवळ भीती वाटली म्हणून, उतरायचे नाही. आणि एका टप्प्यावरची धास्ती निम्म्यावर आल्याशिवाय पुढचा टप्पा घ्यायचा नाही. धास्ती पूर्ण जाण्याची वाट पाहू नये, कारण ती थोडीफार असतानाही प्रवास होतो, हेच तर शिकायचे असते. दोन फेऱ्यांमध्ये फार दिवस जाऊ देऊ नयेत. सोबतीला पहिल्या फेरीत कोणी असावे, नंतरच्या फेरीत ती व्यक्ती शेजारच्या डब्यात असावी आणि त्यानंतर फोनवर असावी.

विमानाच्या बाबतीत असा टप्प्याटप्प्याचा सराव करता येत नाही, म्हणून तिथे माहितीवर अधिक भर द्यावा. चिकलठाण्याहून मुंबईचे उड्डाण साधारण तासाभराचे असते आणि विमानतळ लहान असल्याने गोंधळ कमी होतो. पहिल्या खेपेसाठी ते योग्य आहे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात पायाखाली जो धप्प आवाज येतो, तो चाके आत घेतल्याचा असतो. त्यानंतर इंजिनांचा जोर कमी केला जातो आणि विमान खाली जात असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ते चढतच असते. हवेच्या असमान प्रवाहांमुळे विमान हादरते, तेव्हा पंख लवतात. ते लवावेत अशाच रीतीने बांधलेले असतात. दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावरही उडू आणि उतरू शकते. हादऱ्यांत खरी दुखापत होते ती पट्टा न बांधलेल्याला, म्हणून बसलेले असेपर्यंत पट्टा बांधूनच ठेवावा. पंखांजवळच्या आसनावर हादरे कमी जाणवतात.

सहावी पायरी : जीव घाबरलाच, तर काय करावे

तीव्र घबराटीचा झटका साधारणतः दहा मिनिटांच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. तो उतरतो, कारण शरीर अ‍ॅड्रेनलिनचा तो जोर फार काळ टिकवू शकत नाही. त्या वेळात झटक्याशी भांडू नये. दोन्ही पाय जमिनीला टेकवावेत, चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडणे घेण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे आहे. खिडकीबाहेरच्या वस्तूंची नावे मनात घ्यावीत : कापसाचे शेत, विजेचा खांब, बैलगाडी. ज्यांना हरिपाठ पाठ आहे, त्यांनी तो सावकाश म्हणावा. लयीने म्हटलेल्या ओळींत श्वास आपोआप संथ होतो.

मात्र छातीत दाब येऊन वेदना हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर ती घबराटच आहे असे गृहीत धरू नये. ताबडतोब तिकीट तपासनिसाला सांगावे आणि १३९ वर, रस्त्यावर असल्यास ११२ वर मदत मागावी.

सोबत असणाऱ्यांनी "काही होत नाही, उगाच घाबरता" असे म्हणू नये, कारण त्या क्षणी समोरच्याला बरेच काही होत असते. मुलाने आईला "आई, मी इथेच बसलोय. अर्ध्या तासात जालना येईल, तोवर आपण दोघं सावकाश श्वास घेऊ" एवढे सांगितले, तरी ते पुरते. दर पाच मिनिटांनी "आता कसं वाटतंय?" असे विचारण्याचाही त्रासच होतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

धास्तीमुळे लग्नकार्य, नोकरीची मुलाखत किंवा स्वतःचे उपचार चुकू लागले असतील, किंवा प्रवास नसतानाही असे झटके येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत यासंबंधी चौकशी करता येते. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. विचारांची आणि वर्तनाची सवय बदलणारी उपचारपद्धती अशा भीतीवर चांगली लागू पडते. गरज असेल तर डॉक्टर औषधही देतात. शेजाऱ्याकडची झोपेची गोळी मागून घेऊन गाडीत बसणे किंवा धीर येण्यासाठी मद्य घेणे, हे दोन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत.

परतल्यानंतर

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत वहीतील खुणांपुढे प्रत्यक्षात काय घडले, ते लिहावे. काही ठिकाणी भीती खरी ठरली असेल. गाडी खरोखरच चार तास उशिरा धावली असेल, घाटात खरोखरच उलटी झाली असेल. तेही लिहावे आणि त्या वेळी आपण काय केले, ते त्याखाली नोंदवावे. मग त्याच महिन्यात पुढच्या प्रवासाची तारीख ठरवून ती दिनदर्शिकेवर लिहावी आणि तिच्या ६० दिवस आधीच्या तारखेवर आरक्षणाची खूण करून ठेवावी.