तानपुऱ्याची जवारी: घरी काय करावं, काय मिरजेच्या कारागिरावर सोडावं

तानपुरा सुरात आहे, तारा नव्या आहेत, तरी आवाज कोरडा येतो आणि लगेच विझतो. अशा वेळी खुंट्या पिळत बसू नका, आधी घोडी बघा, म्हणजे भोपळ्याकडच्या बाजूला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. घोडीचा माथा सपाट दिसला तरी तो तारेच्या दिशेनं अगदी हलका उतरता असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात. सर्वांत खालच्या, खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो यामुळेच. उतार बिघडला की आवाज बंद होतो, नाहीतर खरखरतो. या उताराचं काम म्हणजे जवारी.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तशी फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी पटवर्धनांच्या संस्थानात वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि पुढे ती घडवू लागले. पात्यावरचा केसभर उतार बोटानं ओळखणारा हात घोडीवर कानस चालवायला तयारच होता. आजही गावात सतारमेकर गल्ली आहे आणि सतारमेकर हे आडनावही.

या कसबाची शाळा घरातच भरत आली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो भिजवून आतला गर आणि बिया काढायच्या, वाळवायचा, तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, बसवायची, लाखेचं पॉलिश द्यायचं. ही कामं नजरेनं आणि हातानं शिकता येतात. जवारीला मात्र कान लागतो, आणि तो कारखान्यात बसून आपोआप तयार होत नाही. इथे मिरजेला गायकांचा मोठा आधार झाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथेच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं. १९३७ साली ते गेले, त्यांची कबरही मिरजेतच आहे. वाद्य पारखणारा इतका जवळ असला की कारागिराची चूक त्याच दिवशी कळते. हे शिक्षण कुठल्याही वर्गापेक्षा कडक होतं असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता घरी काय करायचं ते.

पहिल्यांदा तारा लावा. आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, षड्जाला (सा), मग चौथी तार खरजाला, म्हणजे एक सप्तक खाली, आणि शेवटी पहिली तार मंद्र पंचमाला. पंचम वर्ज्य असलेल्या रागांत ती मध्यमाला किंवा निषादाला लावतात: मालकंसाला मध्यम, मारवा-पूरियाला निषाद. बारीक फरक खुंटीनं काढू नका, तारेत ओवलेल्या मण्यानं काढा. मणी घोडीपासून लांब, लंगोटाकडे (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडे) सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

खुंटी घसरत असेल तर ती काढून तिच्यावर कोरडा खडू चोळा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकते, तेव्हा थोडा कोरडा साबण पुरतो. तेल कधीही लावू नका. लाकूड ते पिऊन घेतं आणि खुंटी पुढे धरतच नाही.

मग दोरा. साधा सुती दोरा घ्या, मेण नसलेला, चार-पाच इंच लांब. तार किंचित उचलून दोरा तिच्याखाली, घोडीच्या गळ्याकडच्या कडेवर सारा. आता एका हातानं तार छेडत राहा आणि दुसऱ्या हातानं दोरा हळूहळू लंगोटाच्या दिशेला ओढा. एका जागी आवाज अचानक पसरतो, भरल्यासारखा होतो. तिथेच थांबा. ही जागा अर्ध्या मिलिमीटरनं हुकते, म्हणून ओढताना घाई नको. दोऱ्यानं तारेचा ताण किंचित बदलतो, तेव्हा चारही दोरे बसले की तारा पुन्हा मिळवा.

दोरा कुठेही ठेवला तरी आवाज खुलत नसेल तर दोरा जाड आहे किंवा घोडी बसली, म्हणजे झिजली आहे. आधी बारीक दोरा घेऊन बघा. तरीही फरक नाही पडला तर तार बाजूला करून घोडीच्या माथ्यावर नख फिरवा. तारेखाली खाच लागली तर घोडी घासून घ्यायची वेळ आली. स्टीलची तार महिनोन्‌महिने एकाच जागी घासली की ही खाच पडतेच, त्यात वाजवणाऱ्याचा दोष नसतो.

खाच दिसली की पुष्कळ जण पॉलिश पेपर घेऊन बसतात. कृपा करून असं करू नका. कारागीर कानशीचे दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. प्रत्येक तारेखालचा उतार वेगळा असतो, कारण खरजाची पितळी तार जाड आणि ढिली, तर जोडीची पोलादी तार जेमतेम ०.३ मिलिमीटर. पेपरनं सगळा माथा एकसारखा झाला की चारही तारांची जवारी एकदम जाते, आणि घासलेलं परत भरता येत नाही. पूर्वी घोड्या शिंगाच्या असत. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांमुळे ते मागे पडलं. आता शिसम किंवा फायबरच्या घोड्या मिळतात. फायबर जास्त टिकतो, पण आम्हाला लाकडाचा आवाज अधिक मऊ वाटतो.

तारा बदलायच्या तर एकेक बदला. चारही एकदम सैल केल्या तर घोडी सरकते. ती चिकटवलेली नसेल तर पायांभोवती पेन्सिलनं आधीच खूण करून ठेवा.

नवीन वाद्य घेणाऱ्यांसाठी एक माहिती: २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेर घडलेलं वाद्य मिरजेच्या नावावर विकलं जाऊ नये, हा त्याचा उपयोग. घेताना मापही बघा. पुरुषांच्या आवाजाचा, साधारण काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरलेला) तानपुरा साडेचार-पाच फुटांचा असतो, स्त्रियांच्या काळी चार-पाचचा त्याहून लहान. लहान तानपुऱ्यावर काळी एक उतरवला की तारा ढिल्या पडतात आणि जवारी कितीही चांगली असली तरी बोलत नाही.

जवारीसाठी वाद्य पाठवताना तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सोडू नका. भोपळ्याभोवती जुनं गोधडं गुंडाळा, कारण तडा बहुतेक वेळा तिथेच जातो. सोबत चिठ्ठीत तुमची पट्टी लिहा, पहिली तार पंचमाला लावता की मध्यमाला तेही लिहा. कारागीर त्या ताणावरच कानस चालवतो.