बीबीसी मायक्रोचा सीरियल पोर्ट गप्प बसला तर

फोंड्यातल्या एका शाळेने लॅब रिकामी केली तेव्हा अडगळीतला बीबीसी मायक्रो, म्हणजे १९८० च्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर, मी घरी आणला. शाळांत कॉम्प्युटर शिकवण्यासाठी १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी प्रकल्पातून हेच मॉडेल देशभरातल्या शाळांत पोचलं होतं. त्याच्या फ्लॉप्यांवरचे मुलांचे प्रोग्राम लॅपटॉपवर उतरवायचे होते, आणि माझ्याकडे रस्ता एकच: मागचा आरएस४२३ पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारा सीरियल पोर्ट.

नवशिक्यांना आधीच सांगते, आल्या आल्या मशीन चालू करू नका. पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात आणि वीज मिळताच धूर सोडतात. ते जाणकाराकडूनच बदलून घ्या. मग पोर्ट पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने निघाला.

तरी लॅपटॉपवर एक अक्षर उमटेना. मी तीन संध्याकाळी सॉफ्टवेअर बदलत बसले, आणि चूक तारेत होती. या पोर्टच्या पाच पिना फाशावरच्या पाचासारख्या मांडलेल्या असतात, त्यामुळे प्लग उलटाही बसतो. मधली पिन जमिनीची (ग्राउंड), ती जागेवरच राहते. कोपऱ्यातल्या चौघींची मात्र अदलाबदल होते.

व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर इथे फार कामाला येतो. काळा प्रोब मधल्या पिनेवर ठेवा, लाल एकेका कोपऱ्यावर फिरवा. डेटा पाठवणारी तार निवांत असताना उणे ५ व्होल्टच्या आसपास दाखवते. लॅपटॉपला सीरियल पोर्ट देणाऱ्या अडॅप्टरवरही तसंच तपासा: ९ पिनांच्या प्लगात ५ जमिनीची, ३ पाठवणारी, २ घेणारी. माझ्या तारेत दोन्ही पाठवणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या होत्या! अडॅप्टरवर उणे व्होल्टेज येतच नसेल, निवांत असताना अधिक ३ किंवा ५ व्होल्ट दिसत असतील, तर तो टीटीएलचा, म्हणजे थेट चिपच्या पातळीचे सिग्नल देणारा आहे. इथे आरएस२३२ चाच, म्हणजे उणे-अधिक व्होल्टेज वापरणारा हवा.

तारा उलटसुलट करूनही मशीन काही पाठवेना, कारण परवानगीचा इशारा घेणारी सीटीएस ही पिन मोकळी होती. 'पाठव' असा इशारा मिळाल्याशिवाय हा कॉम्प्युटर पाठवत नाही. बीबीसीच्या बाजूलाच आरटीएस (तसा इशारा देणारी पिन) आणि सीटीएस एकमेकींना जोडल्या, तेवढ्याने भागलं.

आता वेग. तो बीबीसीवर *एफएक्स या सेटिंगच्या कमांडने ठरतो. *एफएक्स ८,७ म्हणजे पाठवण्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट. घ्यायचं असेल तर *एफएक्स ७,७. लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये ९६००, आठ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही, एक स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा). काहीच येत नसेल तर तार पाहा. भलतीच अक्षरं येत असतील तर तार ठीक आहे, वेग किंवा बिटांची मांडणी जुळत नाही. हा फरक मला पहिल्या दिवशी कुणी सांगितला असता तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

शेवटी फ्लॉपीवरचा प्रोग्राम बीबीसीत लोड केला, येणारी अक्षरं फाइलीत साठवायला लॅपटॉपवर लॉग सुरू केला, स्क्रीनवरचं पोर्टवरही पाठवणारं *एफएक्स ३,१ दिलं आणि प्रोग्राम छापणारी लिस्ट ही कमांड टाइप केली. ओळीमागून ओळ आली: कुणा विद्यार्थ्याने लिहिलेला बारापर्यंतच्या पाढ्यांचा प्रोग्राम. पाठवणं थांबवायला *एफएक्स ३,० द्या, मग पुढची फ्लॉपी.