पोटात असताना दारू पोचलेल्या मुलाला शिकवताना

माडी असो, काजूची फेणी असो की बिअर, गरोदरपणी घेतलेला अल्कोहोल वारेतून बाळाच्या रक्तात जातो. ‘थोडी चालते’ असं प्रमाण नाही. दिवस राहिल्याचं उशिरा कळलं तरी लगेच थांबावं. रोजची सवय असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात.

या दारूमुळे बाळाच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा, स्मरणाचा भाग आणि कपाळामागचा भाग यांना फटका बसतो. चेहऱ्यावर खूण बहुतेकांना नसते, म्हणून पोर ‘आळशी’ ठरतं. काल पाठ झालेला पाढा आज विसरणं हा हट्ट नव्हे.

‘पाय धू, दप्तर काढ, गणितं कर’ असं एका दमात सांगू नका. पाय धुऊन आला की मगच पुढचं. सर्वांत अडतं हिशेबात: कागदावर शिकवण्याऐवजी बाजारात 20 ची नोट द्या, 12 रुपयांची वस्तू घ्यायला लावा, उरलेले 8 हातावर मोजून घ्या. तेच रोज, त्याच क्रमाने. संध्याकाळी दिलेली शिक्षा वाया जाते. सकाळच्या चुकीशी ती त्याला जोडता येत नाही.

अंगणवाडी-शाळेत तपासणीचं पथक आलं की दारूचं लपवू नका. डोळे-कानही तपासून घ्या.